तिरक्याचे दोन सरळ वाटे : गणिती भास्कराचार्य

भास्कराचार्यांनी आपला पत्ता स्वतःच लिहून ठेवला आहे. सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाच्या गोलाध्यायात ते सांगतात की आपण सह्य पर्वताच्या परिसरातल्या विज्जडविड या गावचे, शांडिल्य गोत्राचे आणि महेश्वरांचे पुत्र. जन्मवर्ष शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. एवढे सगळे लिहूनही पुढच्या पिढ्यांचा वाद मिटला नाही, कारण विज्जडविड नावाचे गाव आज नकाशावर नाही. नावाच्या साधर्म्यामुळे काही अभ्यासक ते मराठवाड्यातले बीड मानतात. काहींच्या मते ते चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणजवळ असावे. काही जण विजापूरचे नाव घेतात, आणि अकबराच्या दरबारातल्या फैजीने बीदर लिहिले आहे. बीडजवळचा बालाघाट आणि पाटणजवळची सातमाळा-अजिंठ्याची रांग हे दोन्ही सह्याद्रीचेच फाटे असल्याने पर्वताच्या उल्लेखावरूनही निकाल लागत नाही. पाटणच्या बाजूने एका शिलालेखाचा भक्कम आधार आहे. बीडच्या बाजूने नावाचे साम्य आहे आणि बीडकरांनी जपलेला अभिमान आहे.

गाव कोणते याचा वाद राहिला, पण माणूस कसा विचार करत होता याबद्दल वाद नाही. त्यांच्या ग्रंथांत एक युक्ती पुन्हा पुन्हा भेटते. समोर तिरकी गोष्ट आली की तिचे एकमेकांना काटकोनात असलेले दोन सरळ वाटे करायचे, प्रत्येक वाट्याचा हिशेब वेगळा मांडायचा आणि गरज पडली तर शेवटी दोन्ही पुन्हा जोडायचे. आज अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश राशीचे घटक काढायला शिकवतात, त्यामागचा विचार हाच आहे.

घरातच गुरुकुल

भास्कराचार्यांच्या घरात विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलेली होती. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि तेच मुलाचे गुरू. त्या काळी ज्योतिषी म्हणजे केवळ पत्रिका पाहणारा नव्हे. तिथी कधी संपते, ग्रह आकाशात कुठे दिसेल, ग्रहण कधी लागेल, हे त्याला गणिताने सांगावे लागे. सांगितलेले चुकले तर ते गावाला उघड्या डोळ्यांनी दिसे. आकाशाशी रोज पडताळा घ्यावा लागणारी ही विद्या होती.

वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पहिले दोन गणिताचे आणि पुढचे दोन आकाशाचे. श्लोकांत नियम सांगून ते थांबले नाहीत. ग्रंथावर स्वतःच वासनाभाष्य लिहून नियम का खरा, याची उपपत्ती त्यांनी दिली. नियम पाठ आहे पण त्यामागचे कारण ठाऊक नाही, अशा गणकाला विद्वानांत मान मिळत नाही, असे त्यांचे मत होते.

मोराची झेप

लीलावतीत मोर आणि सापाचे एक उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. साप बिळापासून २७ हातांवर आहे आणि बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी कापलेले अंतर सारखेच असेल तर गाठ कुठे पडेल?

उत्तर आहे बिळापासून १२ हातांवर. साप २७ मधून १२ वजा जाता १५ हात सरपटला आणि मोराची झेपही १५ हातांची झाली. या झेपेत दोन हालचाली एकत्र आहेत. मोर ९ हात खाली उतरला आणि त्याच वेळी १२ हात पुढे गेला. ९ चा वर्ग ८१, १२ चा वर्ग १४४, बेरीज २२५, आणि तिचे वर्गमूळ १५. भास्कराचार्यांच्या भाषेत काटकोनातल्या दोन बाजू म्हणजे भुज आणि कोटी, तर तिरकी बाजू म्हणजे कर्ण.

शेताच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात बांध सोडून तिरके चालत गेलेला माणूस ५० पावले चालला असेल, तर कदाचित तो ४० पावले पूर्वेला आणि ३० पावले उत्तरेला सरकला असेल. वाट एकच, पण तिचे वाटे दोन. पूर्वेचा वाटा उत्तरेच्या वाट्यात ढवळाढवळ करत नाही, म्हणून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्रपणे करता येतो. या पद्धतीची सगळी ताकद या स्वातंत्र्यात आहे.

कर्णाची लांबी आणि त्याचा कल माहीत असेल, तर प्रत्येक दिशेला किती वाटा जातो? यासाठी ज्या म्हणजे आजच्या साईनचे कोष्टक लागते. भास्कराचार्यांनी ३४३८ कलांची त्रिज्या धरून कोष्टक दिले. ३० अंशांच्या कलाला ३४३८ पैकी भुजाकडे १७१९, म्हणजे बरोबर निम्मे जातात, आणि कोटीकडे सुमारे २९७७. दोन्हींची बेरीज ३४३८ पेक्षा जास्त भरते, म्हणून नवख्याला हे चुकीचे वाटते. पण इथे वाटे साध्या बेरजेने जुळत नाहीत, वर्गांच्या बेरजेने जुळतात. गोलाध्यायाच्या अखेरीस ज्योत्पत्ति या प्रकरणात त्यांनी दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याचे नियमही दिले.

बारा अंगुळांची काठी

हीच युक्ती उन्हात उभ्या केलेल्या काठीलाही लागते. जुन्या ज्योतिषात १२ अंगुळे उंचीचा शंकू सपाट जमिनीवर उभा करून त्याची सावली मोजत. तिरप्या उन्हाचा किरण हा कर्ण, शंकू ही उभी बाजू आणि सावली ही आडवी. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, भर मध्यान्ही पडलेल्या सावलीला पलभा म्हणतात. तिच्यावरून गावाचा अक्षांश निघतो.

बीड शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ मार्चच्या आसपास, सूर्य सर्वांत उंच असताना, १२ अंगुळांच्या काठीची सावली ४ अंगुळांहून किंचित जास्त पडते. काठी आणि सावली एकाच मापाने मोजली की झाले, माप इंचांचे घेतले तरी चालते. हा प्रयोग कोणत्याही शाळेच्या पटांगणात होऊ शकतो. अक्षांशामुळे आकाशात असे एकाच आकाराचे अनेक काटकोन त्रिकोण तयार होतात. भास्कराचार्यांनी त्यांतले आठ एकत्र मांडून दाखवले. एक मोजला की बाकीचे त्रैराशिकाने मिळतात. उपकरणांचे वर्णन करताना त्यांनी नाना यंत्रे सांगितली, पण बुद्धी हे सर्वांत श्रेष्ठ यंत्र मानले. हातात साधी काठी असली तरी बांबूची उंची आणि त्याचे अंतर काढता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

ग्रहण कधी आणि किती

या पद्धतीची खरी कसोटी सूर्यग्रहणात लागते. अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत कधी येतात, हा हिशेब पृथ्वीच्या मध्यबिंदूवरून केलेला असतो. पाहणारा माणूस मात्र पृथ्वीच्या पाठीवर उभा असतो. चंद्र सूर्यापेक्षा खूप जवळ असल्याने पाठीवरून पाहणाऱ्याला तो आपल्या गणिती जागेपासून क्षितिजाच्या दिशेने ढळलेला दिसतो. डोळ्यांसमोर बोट धरून आधी एका आणि मग दुसऱ्या डोळ्याने पाहिले, तर मागच्या भिंतीवर बोटाची जागा बदलते, तसाच हा प्रकार.

हे ढळणे लहान नाही. भास्कराचार्यांच्या गणितात ते जास्तीत जास्त चंद्राच्या रोजच्या गतीच्या पंधराव्या भागाइतके भरते. सूर्याचे ढळणे वजा करून उरतात सुमारे ४९ कला. एक अंश म्हणजे ६० कला, आणि चंद्राचे बिंब ३२ कलांच्या आसपास. म्हणजे चंद्र आपल्या बिंबाच्या दीडपट सरकून दिसू शकतो. एवढी चूक राहिली तर ग्रहणाचे भाकीत कोसळलेच.

अडचण अशी की ढळणे होते वरून खाली, क्षितिजाकडे, तर सूर्य-चंद्राची वाट म्हणजे क्रांतिवृत्त आकाशात तिरके पडलेले असते. म्हणून या ढळण्याचे दोन वाटे करतात. क्रांतिवृत्ताच्या बाजूने पडणारा वाटा म्हणजे लंबन आणि त्याला काटकोनात पडणारा वाटा म्हणजे नती. दोघांची कामे वेगळी आहेत. लंबनामुळे चंद्र त्याच्या वाटेवर पुढे किंवा मागे दिसतो, म्हणून ग्रहणाची वेळ बदलते. नतीमुळे तो वाटेच्या बाजूला सरकतो, म्हणून सूर्य किती झाकला जाईल ते बदलते. एक वाटा कधीचे उत्तर देतो, दुसरा कितीचे.

लंबन आणि नती ही नावे भास्कराचार्यांच्या आधीपासून चालत आली होती. ती विद्यार्थ्याला नीट उमजावीत यासाठी मात्र त्यांनी मोठी मेहनत घेतली. स्वच्छ भिंतीवर प्रमाणात पृथ्वी काढावी, चंद्राची आणि सूर्याची कक्षा काढावी, मग एक रेषा पृथ्वीच्या मध्यातून आणि दुसरी पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून ओढावी, असे ते सांगतात. दोन रेषांमध्ये पडलेला फरक भिंतीवर दिसतो. क्रांतिवृत्त डोक्यावरून सरळ जात असेल तेव्हा सगळे ढळणे लंबनात जाते आणि नती शून्य होते. सूर्य क्रांतिवृत्ताच्या क्षितिजावरील सर्वांत उंच बिंदूवर असेल तेव्हा लंबन शून्य होते आणि उरते ती केवळ नती.

जास्तीत जास्त लंबन ४ घटिकांचे, म्हणजे ९६ मिनिटांचे. सकाळच्या ग्रहणात ते मध्य लवकर आणते, दुपारनंतरच्या ग्रहणात उशिरा. २ ऑगस्ट २०२७ रोजी याचा अनुभव महाराष्ट्रात येईल. त्या दिवशी अमावास्येचा क्षण भारतीय वेळेनुसार दुपारी साडेतीनच्या सुमारास आहे, पण इथून दिसणाऱ्या खंडग्रास ग्रहणाचा मध्य त्यानंतर तासापेक्षा अधिक उशिरा येईल. मधला वेळ बहुतांशी लंबनाचा. ते पाहताना ग्रहणासाठी बनवलेला प्रमाणित चष्मा वापरायलाच हवा. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म किंवा साधा गॉगल डोळ्यांच्या पडद्याला वाचवत नाही, आणि तिथली इजा होताना दुखतही नाही.

थोरांची चूक

ग्रहणाचा तिसरा प्रश्न असतो तो बाजूचा. बिंबाला डाग कोणत्या कडेने लागेल? यासाठी वलन नावाचा कोन काढतात, म्हणजे क्रांतिवृत्त पाहणाऱ्याच्या पूर्व-पश्चिम दिशेशी किती कललेले आहे ते. याचेही दोन भाग. गावाच्या अक्षांशामुळे येणारे ते आक्षवलन आणि क्रांतिवृत्ताच्या स्वतःच्या कलामुळे येणारे ते आयनवलन.

इथे भास्कराचार्यांची गाठ एका मोठ्या नावाशी पडली. लल्ल हे त्यांच्या कितीतरी आधीचे आणि मान्यता पावलेले आचार्य. भास्कराचार्यांनी त्यांच्या शिष्यधीवृद्धिद या ग्रंथावर टीकाही लिहिली होती. लल्लांनी वलनासाठी ज्या घेण्याऐवजी उत्क्रमज्या घेतली होती. धनुष्याच्या चित्रात सांगायचे तर अर्धी दोरी म्हणजे ज्या, आणि दोरीपासून कमानीपर्यंतच्या बाणाचे अंतर म्हणजे उत्क्रमज्या. दोन्ही एकाच चित्रात असतात, म्हणून घोटाळा सहज होतो.

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हा मुद्दा सविस्तर खोडून काढला. त्यासाठी त्यांनी ६६ अंश उत्तर अक्षांशाची जागा निवडली. क्रांतिवृत्ताचा कल ते २४ अंश धरत, आणि ६६ व २४ मिळून ९० होतात. अशा जागी एका क्षणी अख्खे क्रांतिवृत्त क्षितिजावर आडवे होते. त्या वेळी सूर्य त्यावर कुठेही असला तरी वलन पूर्ण ९० अंश भरले पाहिजे. ज्येने ते भरते, उत्क्रमज्येने भरत नाही. त्या जागी ते स्वतः कधी गेले नसणार. पण नियम खरा की खोटा हे कळायला कोणत्या टोकाला जाऊन पाहावे, ते त्यांना बरोबर ठाऊक होते. गोलाच्या पृष्ठफळाबद्दलही त्यांनी लल्लांची चूक दाखवली. आवळ्यावरच्या रेषांसारखे गोलाचे उभे काप करून, पृष्ठफळ हे मधल्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हे त्यांनी समजावले. मोठ्यांचा मान ठेवायचा आणि त्यांचे गणितही तपासायचे, ही त्यांची रीत होती.

क्षणाची गती

वाटे करण्याच्या सवयीतून ते आणखी एका खोल गोष्टीपर्यंत पोहोचले. ग्रहाची मध्यम जागा वर्तुळावर एकसारखी पुढे जाते, पण प्रत्यक्ष ग्रह तिच्या थोडा पुढे किंवा मागे दिसतो. हा फरक काढण्यासाठी जुन्या गणितात एक लहान वर्तुळ कल्पिलेले असे. त्यावरच्या तिरक्या अंतराचे दोन वाटे करत, आडवा तो भुजफल आणि पृथ्वीकडून ग्रहाच्या मध्यम जागेकडे जाणाऱ्या रेषेवरचा तो कोटिफल. कोटिफल त्रिज्येत मिळवायचे किंवा वजा करायचे, भुजफलासह त्याच्या वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. ग्रहाचे अंतर मिळाले. तोडणे आणि जोडणे दोन्ही एकाच कृतीत.

चंद्र मात्र भरभर चालतो आणि त्याची गती दिवसभरही सारखी राहत नाही. काल आणि आजच्या जागांतला फरक घेऊन केलेला हिशेब त्याच्याबाबत कच्चा पडतो. म्हणून भास्कराचार्यांनी तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती घ्यायला सांगितले. कोन थोडासा वाढला तर भुजज्येत पडणारा फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो, हे त्यांनी नेमके सांगितले. वर्तुळावर फिरणारा बिंदू सुरुवातीला वर झपाट्याने चढतो आणि माथ्याजवळ त्याचे चढणे जवळजवळ थांबते, कारण तिथे त्याची सगळी चाल आडवी झालेली असते. फरक सर्वांत मोठा असतो तेव्हा त्याची वाढ शून्य असते, हेही त्यांनी ओळखले होते. वाराणसीत अध्यापन करणारे मराठी गणिती बापूदेव शास्त्री यांनी १९ व्या शतकात याकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले.

उतारवयात, शके ११०५ म्हणजे इसवी सन ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल लिहिले. तेव्हा वय होते ६९. रोजचे पंचांग करणाऱ्यांसाठीचे हे सुटसुटीत पुस्तक. इथे त्रिज्या ३४३८ ऐवजी १२० धरली, म्हणजे गुणाकार-भागाकार सोपे. तरुणपणी ज्याने प्रत्येक नियमाचे कारण दिले, त्याने म्हातारपणी सामान्य गणकाचे कष्ट कमी केले. परंपरा सांगते त्याप्रमाणे मुकुंदराजांचा विवेकसिंधु शके १११० चा. म्हणजे मराठीतली ग्रंथरचना पाय रोवत होती, तो हाच काळ.

नातवाने उभारलेला मठ

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे बोलावून पंडितांत अग्रस्थान दिले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ उभारला. निकुंभ वंशातल्या सोन्हदेवाने ९ ऑगस्ट १२०७ रोजी, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, मठाला दान दिले. तिथल्या शिलालेखातला काही मजकूर जुन्या मराठीत आहे आणि तेलाच्या घाण्यांपासून मठाला काय द्यायचे तेही त्यात सांगितले आहे. म्हणजे गणिताच्या शिक्षणाचा खर्च गावच्या बाजारातून चालला होता. मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

लीलावती पुढे दूरवर गेली. १५८७ मध्ये फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त हुकला, ही कथा त्याच भाषांतरातून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचे आणि १८१७ मध्ये लंडनला कोलब्रुक यांचे इंग्रजी भाषांतर निघाले.

भास्कराचार्यांनी बलाचे घटक काढले नाहीत आणि बाणाच्या खुणेने सदिश लिहिला नाही. ते काम युरोपात स्टेविन आणि न्यूटन यांच्यापासून सुरू होऊन १९ व्या शतकात हॅमिल्टन, गिब्ज आणि हेविसाइड यांच्या हातून पुरे झाले. ते श्रेय ज्याचे त्याला दिल्याने भास्कराचार्यांचे काम लहान होत नाही. त्यांनी वाटे केले ते अंतरांचे आणि कोनांचे, आणि त्या वाट्यांवर ग्रहणाचा क्षण सांगून दाखवला. तिरक्या दोराने गाडी ओढताना किती जोर पुढे कामी येतो आणि किती वर वाया जातो, हे आज विद्यार्थी काढतो तेव्हा तो त्याच दोन बाजू आखतो. आडवी रेषा, उभी रेषा, आणि मध्ये तिरका कर्ण.